न ओळखलेला कंद

दोन डोंगरांच्या मधून एक नदी वाहत होती आणि तिच्या काठावरच्या गावात सिदू नावाचा एक नावाडी राहत होता. त्याचे वडील नावाडी, आजोबाही नावाडी. नदीत कुठे भोवरा आहे आणि कुठे वाळू साचली आहे, हे त्याला पाण्याच्या रंगावरून कळायचे. झाडाझुडपांतले मात्र त्याला काहीच कळत नसे. होडीला सागाची फळी हवी, एवढाच काय तो त्याचा झाडांशी संबंध.

एका वर्षी मोठा पूर आला आणि नदीने आपली वाट बदलली. तिचा ओघ पलीकडच्या डोंगराच्या मागून जाऊ लागला. गावाजवळ उरला तो एक ओहोळ. लोक धोतर वर धरून चालतच पलीकडे जाऊ लागले आणि होडीचे काम संपले. सिदू तेव्हा पन्नाशीला आला होता. बायको वारली होती, मूलबाळ नव्हते. सकाळी उठून तो सवयीने घाटावर जाऊन बसे आणि ऊन चढले की रिकाम्या हाताने परत येई.

घाटाला लागूनच भागूबाई माळिणीची बाग होती. वांगी, मुळा, घेवडा, मिरच्या, आणि कुंपणाच्या कडेने अडुळसा, गुळवेल, कोरफड. गावाला भाजी तीच पुरवायची आणि कुणाला खोकला झाला की पालाही तीच द्यायची. नवरा गेल्यापासून ती एकटीच बाग सांभाळत होती, पण आता तिचे गुडघे धरू लागले होते.

एके दिवशी कुंपणापलीकडून ती म्हणाली, "सिदू, असा बसून राहिलास म्हणून नदी परत यायची नाही. माझ्याकडे ये. पाणी शेंदायला माणूस हवाच आहे मला."

"बाई, मला कोथिंबीर कुठली आणि गवत कुठलं, एवढंही कळत नाही."

"जेवताना कळतं ना?"

"जेवताना कळतं."

"मग थोडं येतंच की तुला. बाकीचं मी सांगते."

असा सिदू बागेत आला.

सुरुवातीला त्याची फार धांदल उडाली. नदीवर त्याला पाण्याचे किती रंग दिसत, पण बागेत सगळेच हिरवे. भागूबाई नाव सांगे, तो मान हलवी आणि दुसऱ्या दिवशी मुळ्याला मोहरी म्हणे. मग भागूबाईने नावे सांगणे थांबवले. ती म्हणाली, "आधी पान हातात धर. पुढून बघ, मागून बघ. चुरगळून वास घे. काडी बोटांत फिरव. नाव मागाहून विचार." सिदू तसे करू लागला. तुळशीची काडी गोल नसून चौकोनी असते, हे त्याला बोटांनी कळले तेव्हा त्याला इतका आनंद झाला की तो दिवसभर जाता-येता तुळशीपाशी थांबत होता.

थोड्याच दिवसांनी एक गोष्ट घडली. भागूबाई बाजाराला गेली होती. मिरचीचे बी फेकलेल्या वाफ्यात खूप तण माजले होते. बाई परत यायच्या आत वाफा स्वच्छ करून ठेवावा असे सिदूच्या मनात आले. तो खुरपे घेऊन बसला. वाफ्यात दोन तऱ्हेची रोपे होती आणि दोन्ही दिसायला जवळजवळ सारखी. एक तरतरीत होते, दुसरे खुरटे. जे तरतरीत तेच बाईंनी लावलेले असणार, असे समजून त्याने खुरटी रोपे एकूणएक उपटली, उरलेल्यांना पाणी घातले आणि वाट बघत बसला.

भागूबाई आली आणि वाफ्याजवळ येऊन उभी राहिली. मग तिने उपटलेल्या ढिगातले एक कोमेजलेले रोप उचलले, वाफ्यातले एक उपटले आणि दोन्ही सिदूच्या हातांवर ठेवली.

"बघ, काय वेगळं दिसतं?"

सिदूने पाहिले. "याचं पान गुळगुळीत आहे, चमकतं. याचं मळकट आहे, बोटाला मऊ लागतं. कडाही वाकडीतिकडी आहे."

"गुळगुळीत ती मिरची," भागूबाई म्हणाली. "वाफ्यात राहिलीय ती कामोणी. आपसूक उगवते."

सिदूचा चेहरा उतरला. लहानपणी होडी चुकीच्या जागी लावली म्हणून वडिलांनी त्याला वल्ह्याने मारले होते. आता काय ऐकावे लागेल, म्हणून तो खाली मान घालून उभा राहिला.

"बाई, मला काढून टाका. दुसरा माणूस बघा."

"दुसरा माणूस आणला तर तो पुढच्या वर्षी हाच वाफा उपटेल," भागूबाई म्हणाली. "तू आता उपटणार नाहीस. चल, हात धू. भाकरी खाऊ."

त्या वर्षी भागूबाईच्या बागेत मिरची झाली नाही. बाजारात कुणी विचारले तर ती म्हणे, "यंदा नाही झाली." त्यापुढे ती एक शब्द बोलली नाही. सिदूचे नाव तिने कुणासमोर घेतले नाही.

तेव्हापासून सिदू न लाजता विचारू लागला. एकच झाड तीनदा विचारले तरी भागूबाई तीनदा सांगायची. बी किती खोल टाकायचे, रोप कधी हलवायचे, कोणत्या वेलाला मांडव लागतो आणि कोणता जमिनीवरच सुखात राहतो, हे सारे हळूहळू त्याच्या हातात उतरले. पावसाळ्यात भागूबाई त्याला डोंगरावर घेऊन गेली. तिथे एका झुडपावर एक वेल चढला होता. त्याचे फूल खाली पिवळे, वर लाल, पाकळ्या ज्वाळेसारख्या उलट्या फिरलेल्या. पानाचे टोक दोऱ्यासारखे गुंडाळलेले होते.

"ही कळलावी," भागूबाई म्हणाली. "दिसायला हिच्यासारखी देखणी दुसरी नाही. पण हिचा कंद पोटात गेला तर माणूस हाती लागत नाही. बघून ठेव."

सिदूने पानाचे ते टोक बोटाने नीट पाहून घेतले.

दुसरे वर्ष लागेपर्यंत गावातले लोक सिदूलाच पाला मागू लागले. "माळीदादा, हे काय उगवलंय बघ जरा," म्हणून बायका त्याला आपापल्या परसात बोलवायच्या. तो पान चुरगळून वास घ्यायचा आणि नाव सांगायचा. घाटावर एकटा बसणारा माणूस आता दहाजणांच्या घरी हवासा झाला होता. सिदूला ते फार आवडत होते, आणि का आवडू नये?

त्या वर्षी पाऊस मध्येच गेला. खरिपाचे दाणे भरले नाहीत. थंडी सरेपर्यंत घराघरांतल्या कणग्या तळाला गेल्या. बागेच्या विहिरीतही पाणी बेताचेच होते, त्यामुळे भाजी गावाला पुरत नव्हती. अशातच भागूबाईच्या लेकीचा निरोप आला. ती डोंगरापलीकडच्या गावी दिलेली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. भागूबाई निघाली.

"बाग तुझ्यावर सोडून जाते," ती सिदूला म्हणाली.

"आणि काही अडलं तर?"

"अडलं तर अडू दे. रेटून नेऊ नकोस. मला विचारायला ये."

भागूबाई गेली त्याला फार दिवस झाले नसतील. एके दिवशी दुपारी बागेच्या फाटकाशी माणसे जमली. सर्वांत पुढे रखमा कुंभारीण होती. दुष्काळात मडकी कोण घेणार? तिच्या घरी चूल एक दिवसाआड पेटत होती आणि तिची दोन लहान मुले भुकेने किरकिरी झाली होती. पूर्वी वाईट वर्षी लोक डोंगरातले रानकंद खाऊन जगले, असे तिने सासूकडून ऐकले होते. म्हणून ती, तिचा नवरा आणि आणखी काही घरची माणसे मिळून डोंगरावर गेली होती. वेल केव्हाच वाळून गेले होते. जिथे सुकलेला बुडखा दिसला तिथे त्यांनी खणले होते आणि पाट्या भरून कंद आणले होते.

पाट्या रिकाम्या झाल्या. मातीने माखलेल्या कंदांचा मोठा ढीग सिदूपुढे पडला.

"दादा, तू बघ आणि सांग," रखमा म्हणाली. "खायचे ना हे? एवढं हो म्हण, की मी चूल पेटवते."

सिदू ढिगापाशी बसला. काही कंद अख्खे होते, बरेचसे कुदळीने तुटले होते. त्याने एक उचलला, माती पुसली, वास घेतला, नखाने साल खरवडली. आत पांढरे. दुसरा घेतला. तोही आत पांढरा. भागूबाईने त्याला मागच्या हिवाळ्यात रानकंद खाऊ घातले होते, पण ते सोलून, चिरून, मीठ घालून उकडलेले. अख्खा कंद त्याने कधी पाहिला नव्हता. आणि ज्या उतारावर ही माणसे खणून आली, त्याच उतारावर भागूबाईने त्याला कळलावी दाखवली होती. कळलावीचे फूल तो शंभर फुलांत ओळखू शकला असता. तिचे पान तर त्याने हाताळले होते. पण जमिनीखाली ती कशी दिसते, हे त्याला ठाऊक नव्हते.

सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. हो म्हणणे किती सोपे होते. कदाचित खरेही ठरले असते. नाही म्हणणेही सोपे होते, पण मग एवढे अन्न फुकट गेले असते.

"मला माहीत नाही," सिदू म्हणाला.

"माहीत नाही म्हणजे?"

"मला वेल ओळखता येतो, कंद ओळखता येत नाही. ह्यात कळलावी असेलही, नसेलही."

मागे कुणीतरी हसले. "हा कसला माळी? नावाडी तो नावाडीच."

एक म्हातारा गुराखी पुढे झाला. त्याने ढिगातला एक तुकडा उचलून आपल्या शेळीपुढे धरला. शेळीने तो कचाकच खाल्ला. लोक बघत थांबले. बराच वेळ झाला तरी शेळी आपली मजेत उभी, आणखी मागत होती.

"झालं समाधान?" रखमा म्हणाली.

"त्या तुकड्याचं झालं," सिदू म्हणाला. "बाकी ढिगाचं नाही."

रखमा संतापली. "तुझ्या घरी पोरं नाहीत दादा, म्हणून तुला बोलणं सुचतं. माझ्या पोरांनी काल पाणी पिऊन दिवस काढला. त्यांना काय सांगू? माळीदादाला माहीत नाही म्हणून सांगू?"

हा घाव सिदूला लागला. पण तो उठून आपल्या झोपडीत गेला. त्याच्या वाटणीची नाचणी आणि वाळवलेला घेवडा डब्यात होता. तो सगळा त्याने आणून रखमाच्या ओच्यात घातला.

"पोरांना हे शिजवून घाल. मी भागूबाईकडे जातो. उद्या दिवस मावळायच्या आत परत येतो. तोवर ह्याला कुणी हात लावू नका, एवढं माझं ऐक."

रखमा ओच्यातल्या धान्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उद्या दिवस मावळेपर्यंत थांबेन. त्यापुढे नाही."

सिदूने ढिगातले तऱ्हेतऱ्हेचे कंद एका टोपलीत भरले आणि तो निघाला. इकडे रखमाने ढिगावर पोते पसरले आणि मुलांनी हात घालू नये म्हणून ती स्वतः तिथेच बसून राहिली.

सिदू लेकीच्या गावी पोचला तेव्हा भागूबाई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. त्याने टोपली पुढे ठेवली. तिने दोन-तीन कंद हातात घेतले आणि तिचा चेहरा गंभीर झाला.

"कुणी खाल्लं का ह्यातलं?"

"मी थांबवलंय."

"दोन्ही आहेत ह्यात," ती म्हणाली. "टोपलीचं मी इथे सांगेन, पण ढीग बघितल्याशिवाय ढिगाचं सांगता यायचं नाही. सकाळी निघू."

नातीला लेकीच्या कुशीत देऊन, दुखरे गुडघे घेऊन ती बाई उजाडताच निघाली. चढावर सिदू तिला हात देत होता. वाटेत तो म्हणाला, "बाई, तुमच्या नावाला कमीपणा आणला मी. एवढं शिकवलंत आणि गावासमोर एक कंद ओळखता आला नाही."

"कंद मी तुला दाखवलाच कुठे? ते माझ्याकडून राहिलं."

"लोक हसले."

"हसू देत. तुला काय वाटलं तेव्हा?"

"हो म्हणावंसं वाटलं. फार वाटलं. पण कळत नसेल तर कळत नाही म्हणायचं, ही तुमच्या बागेतली सवय आडवी आली."

भागूबाईने त्याचा हात जरा घट्ट धरला आणि पुढचे पाऊल टाकले.

दिवस कलायच्या आधीच दोघे गावात पोचले. रखमा ढिगापाशीच होती. सगळे गाव जमले. भागूबाई मातीत बसली आणि तिने सिदूला शेजारी बसवले. एक कंद उचलून ती त्याला म्हणाली, "बघ, ह्याच्या अंगावर बारीक मुळ्या आहेत, केसासारख्या. आणि हा कापला की हाताला चिकट लागतो. हा रानकंद." असे ती एकेक कंद बाजूला ठेवत गेली. चांगल्या कंदांची रास वाढू लागली, तशी लोकांत कुजबुज सुरू झाली. उगीच एक दिवस उपाशी ठेवले, असे कुणी म्हणाले.

तेवढ्यात भागूबाईचा हात थांबला. तिने एक कंद उचलून सगळ्यांना दिसेल असा धरला. अंगाला गुळगुळीत, आणि दोन बाजूंना दोन फाटे, नांगरासारखे.

"ही कळलावी," ती म्हणाली.

कुजबुज थांबली. मग तसाच आणखी एक निघाला. मग आणखी. त्यांची वेगळी रास झाली. फार मोठी नव्हती, पण रखमाच्या घरातल्या एका हंड्याला पुरून उरली असती. रखमा त्या राशीकडे बघत होती आणि तिने दोन्ही मुलांना अंगाशी ओढून धरले होते.

शेवटी तुटके तुकडे उरले. साल निघालेले, मुळ्या झडलेले. भागूबाईने ते उलटसुलट करून पाहिले, काही कापून पाहिले आणि खाली ठेवले.

"हे मला नाही कळत," ती म्हणाली.

सिदूने चमकून तिच्याकडे पाहिले. "तुम्हालाही नाही?"

"मलाही नाही. चांगलेही असतील ह्यात. पण मी सांगू शकत नाही, म्हणून हे टाकायचे."

कुणी हसले नाही. पुरुषांनी लांब जाऊन खोल खड्डा खणला आणि कळलावीचे कंद व ते तुकडे त्यात पुरून टाकले.

चांगले कंद रखमाच्याच मडक्यांत चढले. भागूबाईने ते दोनदा पाणी बदलून उकडायला लावले. बागेच्या बांधावर माणसे ओळीने बसली. किती दिवसांनी गावातली पोरे पोट भरून जेवली आणि जेवता जेवताच पेंगुळली. म्हाताऱ्या गुराख्याने आपला वाटा घेतला आणि त्यातला घास मोडून आधी सिदूच्या पानात ठेवला.

रखमा सगळ्यांना वाढून झाल्यावर सिदूपाशी आली. ती उभीच राहिली.

"दादा, मी तुला नको ते बोलले."

"भुकेली आई होतीस. बोलणारच."

"तू हो म्हणाला असतास तर मी पहिला घास पोरांना दिला असता." तिने पेंगुळलेल्या मुलांकडे पाहिले. "तुझे उपकार कसे फेडू?"

"ढिगापाशी राखण करत बसलीस ना? तू बसली नसतीस तर माझं जाणं वायाच होतं. माझ्यावरच उपकार झाले तुझे."

रखमाने पदराने डोळे पुसले आणि त्याच्या पानात आणखी एक कंद वाढला.

दुसऱ्या दिवशी भागूबाई लेकीकडे परत निघाली. बाळंतिणीला सोडून आलेली बाई म्हणून बायकांनी जे होते ते आणले. कुणी मूठभर डिंक, कुणी जुन्या लुगड्याची दुपटी. रखमाने बाळाला शेकायला नवी शेगडी दिली. गाव वेशीपर्यंत पोचवायला आले. सिदू मात्र पुढे पायवाटेपर्यंत गेला. तिथे तो वाकला आणि त्याने भागूबाईच्या पायांवर डोके ठेवले.

"अरे, उठ. हे काय?"

"बाई, झाडं ओळखायला शिकवलंत, त्याचे उपकार आहेतच," सिदू म्हणाला. "पण ओळखता आलं नाही तर तसं सांगायची भीती तुम्ही माझ्या मनातून काढलीत. काल त्यानेच गाव वाचलं. हे मला जन्मात दुसऱ्या कुणी दिलं नव्हतं."

भागूबाईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याच्याएवढ्या मोठ्या माणसाच्या डोक्यावरून कुणी हात फिरवून किती वर्षे झाली होती. तिचे डोळेही ओले झाले होते.

"मलाही एक माणूस मिळाला, सिदू," ती म्हणाली. "आता मी निर्धास्त नातीला खेळवते. जा, घेवड्याला पाणी दे. ऊन चढतंय."

ती चढ चढून दिसेनाशी होईपर्यंत सिदू हात जोडून उभा होता. मग तो बागेत परतला आणि त्याने विहिरीत पोहरा सोडला.

तात्पर्य: शिकणाऱ्याच्या चुका जो मायेने पोटात घालतो, त्याचाच शिष्य वेळ आली की न लाजता "मला माहीत नाही" म्हणू शकतो. असा गुरू ज्याला लाभला, त्याने त्याचे उपकार कधी विसरू नयेत.